ल्यूडरिट्स : स्थलदर्शन

ल्यूडरिट्स हे नामिबियाच्या दक्षिणेस अटलांटिक किनाऱ्यावर वसलेले बंदर. मागे नामिब वाळवंट, पुढे बेंग्वेला हा थंड सागरी प्रवाह; पाऊस नावालाच, वारा मात्र बारमाही. रस्त्याने पहिले गाव, आउस, सुमारे १२५ किमी.वर. पोर्तुगीज दर्यावर्दी बार्तोलोमेउ दियश याने १४८८ मध्ये येथे दगडी क्रूस रोवला. त्या जागी आज प्रतिकृती आहे. १८८३ मध्ये ब्रेमेनचा तंबाखू-व्यापारी आडोल्फ ल्यूडरिट्स याने नामा प्रमुख जोसेफ फ्रेडरिक्स यांच्याकडून उपसागर व भोवतालची जमीन १०० पौंड आणि २०० बंदुका देऊन घेतली. पुढच्या करारात मैल इंग्रजी धरायचा की त्याच्या चौपटीहून लांब असा जर्मन, हे मोघम ठेवून बरीच जास्त भूमी लाटण्यात आली. १८८४ मध्ये जर्मनीने प्रदेशावर अधिकार सांगितला.

प्रवासी येतात ते मुख्यतः जर्मन वास्तू पाहण्यासाठी. खडकावरचे फेल्झनकिर्श हे चर्च १९१२ मध्ये पुरे झाले. त्याच्या वेदीमागची रंगीत काचेची खिडकी कैसर दुसरा विल्हेल्म याची भेट आहे. ग्योर्के हाउस त्याच काळातले. गावापासून सुमारे १० किमी.वरील कोलमानस्कोप ही हिऱ्यांच्या पैशावर उभी राहिलेली वसाहत. तेथे रुग्णालय, बर्फाचा कारखाना, नृत्यगृह सारे काही होते. १९५६ पर्यंत ती ओस पडली. आता खोल्यांमध्ये वाळूचे उतार चढले आहेत; कुठे दार अर्धे गाडलेले, तर वर भिंतीचा नक्षीदार रंगपट्टा शाबूत.

या वास्तूंची कथा सहसा १९०८ मध्ये सापडलेल्या हिऱ्यापासून सांगितली जाते. उपलब्ध पुरावा ती त्याआधी, गावालगतच्या शार्क बेटापासून, सुरू करायला भाग पाडतो. १९०५ ते १९०७ या काळात येथे जर्मन सैन्याने हेरेरो व नामा कैद्यांची छावणी चालवली. थंडी, उपासमार आणि आजार यांनी माणसे मेली. मृतांचे अंदाज एक हजारापासून तीन हजारांहून अधिकपर्यंत जातात. नामा नेते कॉर्नेलियस फ्रेडरिक्स फेब्रुवारी १९०७ मध्ये येथेच वारले. कैद्यांना बंदराच्या आणि आउसकडे जाणाऱ्या रेल्वेच्या बांधकामावर राबवले गेले. त्याच मार्गावर ग्रासप्लाट्सजवळ रुळांवरची वाळू उपसताना झकारियास लेवाला या मजुराला हिरा सापडला. त्याने तो मुकादम आउगुस्ट श्टाउख याला दिला. श्टाउख धनाढ्य झाला. लेवालाला काही मिळाले नाही. गावातली देखणी घरे त्यानंतरची.

घरे बांधणाऱ्यांनी छावणी चालवली नव्हती, मग दोन्ही गोष्टी एकत्र का जोडाव्यात, असा आक्षेप घेता येतो. येथे प्रश्न घरमालकांच्या वैयक्तिक दोषाचा नसून संपत्तीच्या वाटेचा आहे. ती वाट या रेल्वेवरून गेली. बेटावर पाहण्यासारखे काही उरलेले नाही, हा दुसरा आक्षेप अधिक गंभीर. तेथे दीपगृह, काही स्मारकशिळा आणि पर्यटकांसाठी तंबू-तळ आहे. परंतु छावणीची छायाचित्रे आणि मिशनऱ्यांची पत्रे उपलब्ध आहेत. मृतांच्या कवट्या वंशशास्त्रीय संशोधनासाठी जर्मनीला नेल्या गेल्या. २०११ मध्ये तेथून २० कवट्या नामिबियाला परत आल्या. २०२१ मध्ये जर्मनीने हेरेरो व नामा लोकांच्या हत्याकांडाला वंशसंहार म्हटले. इतक्या कागदपत्रांनंतर उघडा खडक मुका राहत नाही. त्याच्यावर मुक्कामाचे तंबू ठोकू देणे मात्र अयोग्य आहे. पर्यटनावर पोट असलेल्या गावाला तंबू हटवल्याने तोटा होईल, हेही पटत नाही. बेट १९०६ पासून बांधाने किनाऱ्याला जोडलेले असून गावातून पायी गाठता येते; मुक्काम गावात करूनही ते पाहता येईल. तेव्हा पाहण्याचा क्रम असा असावा : आधी शार्क बेट, मग रेल्वे, ग्रासप्लाट्स, कोलमानस्कोप आणि अखेरीस गावातील घरे व चर्च.

इतर स्थळे : हॅलिफॅक्स बेट (आफ्रिकी पेंग्विन), आउसजवळील गारुब (वाळवंटातील मोकाट घोडे).