एव्हिनरूड इंजिनाचा उदय आणि अस्त

साखरखेर्ड्यात बसून समुद्रावरील इंजिनांचा इतिहास लिहावा, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. बुलढाणा जिल्ह्यात खारे पाणी म्हणाल तर एक लोणारचे सरोवर. साखरखेर्डे इतिहासाला ठाऊक आहे ते 1724 च्या लढाईमुळे. निजाम-उल-मुल्काने येथे मुबारिजखानाचा पराभव केला. मला मात्र या विषयाकडे नेले ते जुन्या टू-स्ट्रोक रिक्षांच्या निळसर धुराने.

टू-स्ट्रोक इंजिनात ताजे मिश्रण सिलिंडरमध्ये शिरत असतानाच जळालेला वायू बाहेर पडत असतो. दोन्ही द्वारे काही क्षण एकदमच उघडी असतात. त्यामुळे पेट्रोलचा सुमारे चौथा हिस्सा न जळताच निसटतो. रिक्षात तो धुराबरोबर हवेत जातो. होडीच्या मागे टांगलेल्या आउटबोर्ड इंजिनात तो तेलासह थेट पाण्यात उतरतो.

असे इंजिन व्यापारी पायावर यशस्वी करून दाखविले ते ओल एव्हिनरूड या नॉर्वेहून अमेरिकेत आलेल्या कारागिराने. 1909 साली मिलवॉकी शहरात त्याने विक्रीस काढलेले यंत्र दीड अश्वशक्तीचे होते. हिशेब व जाहिराती त्याची पत्नी बेस पाही. पुढे 1929 मध्ये अनेक कारखाने एकत्र आले, नंतर जॉन्सन हे प्रतिस्पर्धी नावही त्यांत सामील झाले आणि आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन ही बलाढ्य कंपनी उभी राहिली.

1996 मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने नियम केला : 2006 पर्यंत नव्या आउटबोर्ड इंजिनांतील न जळलेल्या इंधनाचे उत्सर्जन तीन-चतुर्थांशाने घटले पाहिजे. कार्ब्युरेटरचे दिवस संपले. उपाय दोन होते. एक, फोर-स्ट्रोककडे वळणे. होंडा कंपनी 1964 पासून याच वाटेवर होती. दुसरा, टू-स्ट्रोक ठेवून बाहेरचे द्वार मिटत आल्यावरच इंधनाचा फवारा थेट सिलिंडरमध्ये सोडणे.

मर्क्युरी कंपनीने त्यासाठी ऑस्ट्रेलियातील ऑर्बिटल कंपनीचे तंत्र घेतले. (याच ऑर्बिटलच्या तंत्रावर पुण्याच्या बजाज ऑटोने 2007 साली टू-स्ट्रोक रिक्षा बाजारात आणली! समुद्र आणि रिक्षा यांचे नाते मी ओढूनताणून जोडलेले नाही.) आउटबोर्ड मरीनने जर्मनीच्या फिख्ट कंपनीचे तंत्र निवडले. त्यात विद्युतचुंबकाच्या बळावर धावणारा लहानसा दट्ट्या इंधनावर आघात करी आणि त्या दाबाने फवारा उडे. कल्पना सुंदर होती. पण मिनिटाला 5,500 फेरे घेणाऱ्या इंजिनात हे काम प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला नव्वदहून अधिक वेळा बिनचूक घडावे लागते.

पहिली 150 अश्वशक्तीची फिख्ट इंजिने 1997 च्या मॉडेल म्हणून ग्राहकांच्या हाती पडली आणि तक्रारी सुरू झाल्या. ज्वलन बिघडे, प्लग काजळत, काहींचे पिस्टन निकामी झाले. रस्त्यात रिक्षा बंद पडली तर माणूस उतरून चालू लागतो. किनारा दिसेनासा झाल्यावर इंजिन बंद पडले तर काय करावे? वसई-उत्तनच्या आपल्या कोळीबांधवांना हा प्रश्न समजावून सांगण्याची गरज नाही. मर्क्युरीच्या आरंभीच्या इंजिनांतही दोष निघालेच. पण ती कंपनी तग धरून राहिली. आउटबोर्ड मरीन आधीच आर्थिक ओढाताणीत होती आणि 1997 मध्येच तिची मालकी बदलली होती. माझ्या मते चूक तंत्राची नव्हे, घाईची होती : समुद्रावर जी परीक्षा कारखान्याने घ्यायची, ती ग्राहकाने घेतली.

कंपनीने इंजिनांत सुधारणा केल्या. परंतु दरम्यान जपानी कंपन्यांनी फोर-स्ट्रोकला इलेक्ट्रॉनिक इंधन-फवारणी जोडली होती. ती यंत्रे जड होती, पण शांत आणि भरवशाची. 22 डिसेंबर 2000 रोजी, नाताळला तीन दिवस उरले असता, आउटबोर्ड मरीनने दिवाळखोरीचा अर्ज केला. हजारो कामगारांच्या घरी त्या वर्षीचा नाताळ कसा गेला असेल?

2001 मध्ये कॅनडाच्या बॉम्बार्डिये कंपनीने इंजिनाचा व्यवसाय विकत घेतला. तिच्या अभियंत्यांनी फिख्टचे दोष हेरून पुढील पिढीचे ई-टेक हे टू-स्ट्रोक इंजिन घडविले. ते 2003 मध्ये आले आणि पहिली तीन वर्षे विक्रेत्याकडे नियमित देखभालीची गरज नाही, असे आश्वासन कंपनीने दिले. इंजिन चांगले निघाले. पण तोवर ग्राहक दूर गेला होता. मोठ्या इंजिनांची बाजारपेठ यामाहा आणि मर्क्युरीच्या फोर-स्ट्रोककडे झुकली होती. मे 2020 मध्ये, कोरोनाच्या साथीचे कारण देऊन, एव्हिनरूड इंजिनांचे उत्पादन थांबविण्यात आले. ओलने पहिले यंत्र विकले त्याला तेव्हा 111 वर्षे झाली होती.