स्वतःवर कर बसवून घेणारी पेठ

सामाईक वास्तूची निगा कशी राखावी, हे संस्था चालविणाऱ्या मंडळींना निराळे सांगावयास नको. वर्गणी वेळेवर जमा करणे, हिशेब चोख ठेवणे, तो वार्षिक सभेपुढे मांडणे, झाडलोट करणाऱ्यापासून पहारेकऱ्यापर्यंत सर्वांची व्यवस्था पाहणे, या गोष्टी आपल्या अंगवळणी पडल्या आहेत. मात्र ही दक्षता वास्तूच्या उंबरठ्यापाशी येऊन थांबते. पुढचा रस्ता नगरपालिकेचा, असे म्हणून आपण मोकळे होतो. गेल्या अर्धशतकात जगातील अनेक शहरांतील नागरिकांनी हा उंबरठा ओलांडून पाहिला. स्वच्छता आणि सुरक्षितता या दोन गोष्टींसाठी त्यांनी आपल्या परिसरावर स्वतःहून कर बसवून घेतला. या प्रयोगाचे यश उद्बोधक आहे. त्यातील चुका त्याहून अधिक उद्बोधक आहेत.

प्रारंभ कॅनडातील टोरांटो शहरी झाला. तेथील ब्लूर वेस्ट व्हिलेज ही किरकोळ दुकानदारांची पेठ. १९६० च्या दशकात तेथे भुयारी रेल्वे आली आणि रस्त्याने ये-जा करणारे गिऱ्हाईक जमिनीखालून जाऊ लागले. शहराच्या कडेला उभी राहिलेली मोठी व्यापारी संकुले उरलेल्यांना ओढू लागली. पेठ नीटनेटकी आणि प्रकाशित ठेवावी, असे सर्वांनाच वाटे. पण ऐच्छिक वर्गणीचा प्रश्न आला की काही जण पैसे देत आणि इतर नुसता लाभ घेत. वर्गणीची पावतीपुस्तके घेऊन ज्यांनी घरोघर पायपीट केली आहे, त्यांना हा अनुभव परिचित आहे. अखेर व्यापाऱ्यांनीच शासनाकडे मागणी केली की, आमच्या हद्दीतील प्रत्येकावर कायद्याने आकारणी करा, ती कराबरोबर वसूल करा आणि पूर्ण रक्कम आमच्या मंडळाच्या हाती द्या. ओंटारिओ प्रांताने तसा कायदा केला व १९७० मध्ये ही पेठ जगातील पहिले सुधारणा क्षेत्र ठरली.

तेथून ही कल्पना अमेरिकेत गेली. न्यू ऑर्लिन्स शहरात १९७० च्या दशकाच्या मध्यास असे क्षेत्र स्थापन झाले. त्याच सुमारास, १९७५ मध्ये, न्यूयॉर्क महानगर दिवाळखोरीच्या काठावर आले होते. पोलीस आणि सफाई कामगार हजारोंच्या संख्येने कमी करावे लागले. रस्त्यांवर कचरा साठला आणि भीतीही साठली. अशा काळात नागरिकांनी स्वतः भार उचलण्याची कल्पना रुजली व १९८० च्या दशकात तेथे एकामागून एक क्षेत्रे निर्माण झाली.

फिलाडेल्फिया शहराचे उदाहरण विशेष पाहण्यासारखे आहे. १९९० च्या सुमारास तेही शहर आर्थिक संकटात होते. तेथील मध्यवर्ती भागासाठी ‘सेंटर सिटी डिस्ट्रिक्ट’ने १९९१ मध्ये कामास आरंभ केला. पॉल लेव्ही यांनी तीन दशकांहून अधिक काळ तिची धुरा वाहिली. गणवेशातील कर्मचारी पदपथ झाडत, यंत्राने धूत, भिंतींवरचे रंगाचे फराटे पुसून काढत. जोडीला बिनतारी यंत्र घेतलेले, परंतु निःशस्त्र असे प्रतिनिधी रस्त्यावर फिरत. वाटसरूस मार्ग दाखवीत आणि संशयास्पद काही दिसल्यास पोलिसांना कळवीत. पोलीस व हे प्रतिनिधी एकाच ठाण्यातून कामास निघत आणि त्यांची हजेरीही एकत्र होई. माहितीची देवाणघेवाण रोज समोरासमोर होऊ लागली, हे या व्यवस्थेचे मर्म होय.

असे क्षेत्र चालविण्याची रीत साधारणतः सारखीच आहे. प्रथम हद्द आखली जाते. मग सेवांची यादी, अंदाजपत्रक आणि प्रत्येकाच्या आकारणीचा दर ठरतो. पुरेशी संमती मिळाल्यावर महानगरपालिका मान्यता देते. नंतर विरोध करणाऱ्यासही आकारणी चुकत नाही. वसुली नगरपालिका करते आणि खर्च मंडळ करते. ठराविक मुदतीनंतर बहुतेक ठिकाणी पुन्हा मान्यता घ्यावी लागते. यातील सर्वांत महत्त्वाचे कलम असे की, पालिकेने पूर्वीच्या सेवा कमी करावयाच्या नाहीत. हे कलम नसेल, तर नागरिक दुहेरी पैसे देऊन एकेरीच सेवा घेतील.

स्वच्छता व सुरक्षितता एकत्र बांधण्यामागे एक विचार होता. १९८२ मध्ये जेम्स क्यू. विल्सन व जॉर्ज केलिंग यांनी असे प्रतिपादन केले की, मोडलेली खिडकी तशीच राहिली तर तेथे कोणाचे लक्ष नाही असा संदेश जातो आणि पुढे गुन्ह्यांना वाट मिळते. या विचाराच्या नावाखाली गरिबांवर अवाजवी पोलिसी कारवाई झाल्याची टीका पुढे झाली, आणि ती दुर्लक्षिण्याजोगी नाही. तथापि देखरेखीचा लाभ होतो, असा पुरावाही आहे. लॉस एंजेलिसमधील ३० क्षेत्रांचा १९९४ ते २००५ या काळातील अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात या क्षेत्रांमुळे लुटीचे गुन्हे सुमारे १२ टक्क्यांनी आणि एकूण हिंसक गुन्हे सुमारे ८ टक्क्यांनी घटल्याचे आढळले.

आता चुकांकडे वळू. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकाभोवतीचे क्षेत्र अतिशय संपन्न होते. तेथे बेघर लोकांना प्रशिक्षणाच्या नावाखाली सफाई, पहारा व कार्यालयीन कामे दिली जात आणि ताशी १ ते दीड डॉलर मोबदला मिळे. त्या काळी देशाचे किमान वेतन ताशी ४.२५ डॉलर होते. प्रकरण न्यायालयात गेले. पुढे सर्वोच्च न्यायालयावर नियुक्त झालेल्या न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी १९९८ मध्ये निर्णय दिला की, हे लोक प्रशिक्षणार्थी नसून कर्मचारी आहेत आणि त्यांना किमान वेतन मिळालेच पाहिजे. हेतू चांगला असल्याने मजुरी बुडविण्याचा अधिकार प्राप्त होत नाही, हा त्याचा सारांश.

त्याच वर्षी त्याच क्षेत्राविषयी दुसरा वाद निकाली निघाला. मंडळावर मालमत्ताधारकांचे बहुमत राखून ठेवलेले होते. ‘एक व्यक्ती, एक मत’ या तत्त्वाचा आधार घेऊन त्यास आव्हान देण्यात आले. मंडळाचे अधिकार मर्यादित आहेत व भार मुख्यतः मालकांवर पडतो, या कारणास्तव वरिष्ठ न्यायालयाने मालकांचे बहुमत वैध ठरविले. कायदेशीर उत्तर मिळाले. नैतिक प्रश्न मात्र उरला. रस्त्यावरून चालतात सर्व जण, मग त्याविषयी बोलावयाचे केवळ पैसे देणाऱ्यांनीच काय?

इंग्लंडने २००३ च्या कायद्यात याचा काही अंशी विचार केला. तेथे व्यवसाय चालविणारे मतदान करतात, मुदत जास्तीत जास्त ५ वर्षांची असते आणि ठराव दोन कसोट्यांवर संमत व्हावा लागतो : मतदारांच्या संख्येचे बहुमत आणि करपात्र मूल्याचेही बहुमत. त्यामुळे केवळ मोठ्यांना लहानांवर किंवा केवळ लहानांना मोठ्यांवर निर्णय लादता येत नाही. रस्त्यावरील सामान्य माणूस मात्र तेथेही मतदानाबाहेरच राहिला.

आपल्याकडेही या दिशेने पावले पडली. मुंबईत १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात घाटकोपरच्या जोशी लेनमधील रहिवाशांनी कचऱ्याचे वर्गीकरण व परिसराची देखरेख हाती घेतली. त्यातून महानगरपालिकेची ‘प्रगत परिसर व्यवस्थापन’ योजना आकारास आली आणि अनेक गल्ल्यांतून अशा समित्या झाल्या. मात्र त्यांना कर आकारण्याचा अधिकार नाही. टोरांटोच्या व्यापाऱ्यांना पडलेला ऐच्छिक वर्गणीचा पेच त्यांच्यापुढे कायम आहे.

झाडू हाती धरणाऱ्याच्या प्रश्नास पुण्याने अधिक चांगले उत्तर दिले. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या पुढाकाराने कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये तिचा पुणे महानगरपालिकेशी करार झाला. घरोघरचा कचरा उचलणाऱ्या भगिनी येथे संस्थेच्या सभासद आहेत. ग्रँड सेंट्रलमध्ये ज्यांना मजुरी नाकारली गेली, त्यांच्याच स्थितीतील माणसे येथे संस्थेची मालक झाली.

या साऱ्या इतिहासाचे तात्पर्य विश्वस्तपणाच्या कल्पनेत सामावते. विश्वस्त जो निधी सांभाळतो, तो त्याचा नसतो. आणि ज्यांच्यासाठी सांभाळतो, त्यांपैकी अनेकांनी त्यात एक पैसाही घातलेला नसतो. परिसराचेही असेच आहे. रस्ता झाडणे, दिवे लावणे, पहारा ठेवणे ही कामे पैशाने होतात. परंतु पैसे देणाऱ्याने न देणाऱ्यास, मालकाने भाडेकरूस आणि सर्वांनी मिळून झाडू मारणाऱ्यास उत्तरदायी राहणे, हे केवळ पैशाने होत नाही. उंबरठ्याबाहेर पाऊल टाकताना आपल्या संस्थांनी चोख हिशेबाबरोबर ही जाणीवही सोबत न्यावी.