कर्व्यांच्या बाजूने बाबासाहेब उभे राहिले होते, आपण कुठे आहोत?

वस्तीतल्या एखाद्या पोराने ‘मी समलिंगी आहे’ असे सांगितले की पहिले उत्तर ठरलेले असते: ‘ही पाश्चात्त्यांची थेरं.’ दुसरेही ठरलेले: ‘आपल्या चळवळीचा याच्याशी काय संबंध?’ संबंध आहे, आणि तो १९३४ पासूनचा आहे.

र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढत होते. संततिनियमन आणि लैंगिक आरोग्य हे त्याचे विषय. वाचक पत्राने प्रश्न विचारत आणि कर्वे त्यांची उत्तरे छापत. या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. प्रश्नांत हस्तमैथुन होते, तशी समलैंगिकताही होती. मुंबईच्या कोर्टात कर्व्यांचे वकीलपत्र घेतले ते बाबासाहेबांनी. पुणे करार होऊन दोनच वर्षे झाली होती, येवल्याची घोषणा पुढच्याच वर्षीची. हातात कामे कमी नव्हती. तरीही हॅवलॉक एलिससारख्या अभ्यासकाचा आधार घेत त्यांनी मांडले की लैंगिक विषयावर लिहिणे म्हणजे अश्लीलता नव्हे, आणि ज्यांचा कल निसर्गतःच तसा आहे त्यांना आपल्या पद्धतीने सुख मिळवण्याचा हक्क आहे. खटला हरला. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

उलट कलम ३७७ इंग्रजांनी १८६० च्या दंड संहितेतून आणले. म्हणजे परकीय काही असेल तर ती शिक्षा. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून मुक्त केले. त्या निकालाचा कणा होती संवैधानिक नैतिकता, जिचे महत्त्व बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत समजावून सांगितले होते.

पण निकाल लागला म्हणून घर बदलत नाही. १९४३ मध्ये पुण्यात रानड्यांवर बोलताना बाबासाहेबांनी बजावले होते की हक्कांचे खरे रक्षण कायदा नव्हे, समाजाची सदसद्विवेकबुद्धी करते. हे आपल्याला वेगळे शिकवावे लागू नये. अस्पृश्यतेविरोधी कायदा १९५५ चा आहे. म्हणून काय दुसऱ्या दिवशी सगळ्या विहिरी खुल्या झाल्या?

भाड्याची खोली शोधताना आडनाव लपवणे काय असते, ते आम्हाला ठाऊक आहे. पण आमचे पोर संध्याकाळी घरी येते तेव्हा ते ओझे दाराबाहेर ठेवते. घरात आई, बाप, आजी सगळे त्याच जातीचे असतात. समलिंगी किंवा तृतीयपंथी पोराला हे दारही नसते. त्याला आईसमोरच सर्वांत जास्त लपवावे लागते. आणि ते पोर बौद्ध असेल तर बाहेर जात लपवायची, घरात स्वतःला. शहरात जाऊन मोकळे जगावे म्हटले तर खोलीचा मालक आडनाव विचारतो. एवढ्या कोंडीत पोर शिक्षण सोडते, घर सोडते, कधी जीवही देते. मग आपण म्हणतो, ‘काही बोलला नाही हो.’ बोलायला जागा कोणी ठेवली होती?

समाजाची मान्यता ही मोठी, दूरची गोष्ट वाटते. तिची सुरुवात मात्र विहारात, जयंतीच्या मंडळात, स्वयंपाकघरात होते. पोराने सांगितले तर लग्नाची घाई करू नका, बाबा-बुवाकडे नेऊ नका. जेवायला वाढा आणि ऐका.

१९३४ मध्ये पोरांना पत्र लिहून एका मासिकाला विचारावे लागत होते. आज त्यांनी आपल्याला विचारावे, इतके तरी आपण बाबासाहेबांचे होऊ या.

जय भीम.