जातीच्या उपपत्ती आणि ख्रिस्ती समाजाचा दाखला

जात म्हणजे काय आणि ती टिकते कशी, या प्रश्नाची उत्तरे समाजशास्त्रज्ञ व मानवशास्त्रज्ञ शंभराहून अधिक वर्षे शोधीत आले आहेत. या काळात मांडल्या गेलेल्या उपपत्ती एका ओळीत ठेवून पाहिल्या, तर सामाजिक शास्त्रांतील प्रमुख विचारसरणींचा परिचय आपोआप घडतो. कोणी वंशाला मूळ मानले, कोणी व्यवसायाला, कोणी जमिनीच्या मालकीला, तर कोणी धर्मातील शुद्ध-अशुद्धाच्या कल्पनेला. परंतु या बहुतेक विद्वानांनी आपले दाखले हिंदू समाजातून घेतले. ख्रिस्ती समाजातील जातींना त्यांच्या विवेचनात गौण स्थान मिळाले. आमच्या मते त्यामुळे शास्त्राचेच नुकसान झाले. कोणत्याही उपपत्तीची खरी परीक्षा नेहमीच्या उदाहरणांत होत नाही; ती अपवादाच्या ठिकाणी होते. ज्या समाजाने धर्म बदलला, पण जातीचे कुंपण पूर्णपणे मोडले नाही, त्या समाजाला या उपपत्ती लावून पाहिल्यास काय दिसते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा जिंकला आणि पुढील शतकात तिसवाडी, बार्देश व सासष्टी या जुन्या काबिजादीतील बहुसंख्य लोक ख्रिस्ती झाले. नवदीक्षितांच्या अनेक पोटजाती लोप पावल्या. उदाहरणार्थ, ब्राह्मणांमधील निरनिराळे पोटभेद मिटून एकच बामण गट तयार झाला. परंतु बामण, चारडो आणि सुदीर हे भेद शिल्लक राहिले. अनेक गावांतील चर्चच्या भ्रातृमंडळांचे सभासदत्वही जातीनुसार ठरू लागले. वसईकडे पोर्तुगीज अंमल १५३४ ते १७३९ असा होता. तेथील ख्रिस्ती समाजातही सामवेदी, वाडवळ, कोळी ही नावे राहिली आणि सोयरीक पाहताना ती नावे विचारात घेतली जात असत.

आता उपपत्तींकडे वळू. ब्रिटिश अधिकारी सर हर्बर्ट रिस्ले हे १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त होते. जातीच्या मुळाशी वंशभेद आहे, असे त्यांचे मत होते. नाकाची लांबी-रुंदी मोजून जातींची प्रतवारी सिद्ध करता येते, असा त्यांचा दावा होता. या मताची चिकित्सा मालवणात जन्मलेल्या आणि केंब्रिजला शिकलेल्या डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ साली आपल्या जात व वंश या विषयावरील इंग्रजी ग्रंथात केली. पॅट्रिक गेडिस यांनी १९१९ साली सुरू केलेल्या मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाची धुरा घुर्ये यांनी १९२४ पासून सांभाळली होती. मोजमापांची छाननी करून त्यांनी दाखविले की, नाकाचा आकार आणि जातीचा दर्जा यांचा मेळ उत्तरेतील एका प्रदेशाबाहेर फारसा बसत नाही. गोव्याच्या गावांना हा निष्कर्ष सहज लागू पडतो. शेजारी राहणारे आणि एकच बोली बोलणारे बामण व सुदीर यांना मोजपट्टीने वेगळे करण्याचा खटाटोप व्यर्थ आहे.

नेसफिल्ड यांनी १८८५ साली व्यवसाय हेच जातीचे मूळ मानले. ही उपपत्ती अधिक समंजस वाटते. पण गोमंतकीय ख्रिस्ती मुंबईस आले; तेथे ते आचारी, खलाशी, वादक, कारकून, डॉक्टर झाले. व्यवसाय बदलला म्हणून लग्नाच्या वेळी जात विचारणे थांबले, असे झाले नाही. व्यवसायातून जातीचा उगम कदाचित सांगता येईल, तिचे टिकणे सांगता येत नाही.

मार्क्सवादी विचारपद्धती आपल्याला जमिनीकडे पाहावयास लावते. मूळचे गोमंतकीय असलेले दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी जुन्या काबिजादीतील ग्रामसंस्थांवर १९४७ साली निबंध लिहिला. गोव्यातील गावकरी म्हणजे गावच्या जमिनीवर सामाईक हक्क असलेली संस्था. तिचे सभासदत्व पुरुषांच्या वंशाने चालत असे. धर्मांतरानंतरही गावकर कुटुंबांचे हे हक्क राहिले. ज्याचा हक्क जन्मावर अवलंबून, त्याला जन्माची नोंद आणि घराण्याची मर्यादा जपणे भाग होते. जात टिकण्यामागे पोटापाण्याचा असा रोकडा हितसंबंध होता, हे या पद्धतीमुळे कळते. तरीही एक प्रश्न उरतो. १९६१ साली पोर्तुगीज राजवट संपली, १९६४ साली गोव्यात कूळ कायदा आला आणि गावकरीचे आर्थिक महत्त्व ओसरले. मग ज्या घरात गावकरीचे उत्पन्न येत नाही, तेथेही जातीची विचारणा का व्हावी?

येथे आपण धर्माकडे येतो. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ लुई द्युमाँ यांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जातिव्यवस्थेचा आधार शुद्ध आणि अशुद्ध यांच्या विरोधात शोधला. सुटे भाग न पाहता संपूर्ण रचना पाहावी, ही त्यांची रचनावादी भूमिका होती. अशा उपपत्तीपुढे ख्रिस्ती जाती ही अडचणच. स्नानसंस्काराने सर्वांना एक मानणाऱ्या धर्मात विटाळाला तात्त्विक जागा नाही. मग येथे जात का? द्युमाँ यांनी हा प्रश्न टाळला नाही. अशा समाजांवर सभोवतालच्या हिंदू समाजाचा प्रभाव असतो, या दिशेने त्यांनी उत्तर शोधले. वसईबाबत ते काही अंशी पटते. परंतु जुन्या काबिजादीत सोळाव्या शतकात देवळे पाडली गेली आणि पुढे दीर्घ काळ ख्रिस्ती लोकच बहुसंख्य होते. तेथे सभोवतालचा समाज मुख्यतः ख्रिस्तीच होता. त्यामुळे हे उत्तर अपुरे पडते.

जात धार्मिक की सामाजिक, हा वाद मात्र द्युमाँ यांच्याहून फार जुना आहे. इटालियन येशूसंघीय रॉबर्ट दी नोबिली हे १६०६ साली मदुराईस गेले. जानवे आणि शेंडी ही कुलप्रतिष्ठेची सामाजिक चिन्हे आहेत, मूर्तिपूजेची नव्हेत, असा त्यांचा युक्तिवाद होता. १६१९ साली गोव्यात भरलेल्या सभेत त्यांना मोठा विरोध झाला. पण १६२३ साली पोप ग्रेगरी पंधरावे यांनी काही अटींवर त्या चिन्हांना मुभा दिली. धर्म आणि समाजरूढी यांची अशी फारकत करणे ही त्या काळी मोठी बौद्धिक झेप होती. तथापि तिची किंमतही मोजावी लागली. जात केवळ सामाजिक आहे, असे एकदा म्हटले की तिला जाब विचारण्याची जबाबदारी धर्मावर राहत नाही. जात मग चर्चच्या दाराशी न अडता आत येऊन बसते.

आता त्या उपपत्तीकडे येऊ जी आमच्या मते या कसोटीला सर्वाधिक उतरते. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. रिस्ले, नेसफिल्ड, फ्रेंच पंडित सेनार आणि पुढे ज्ञानकोशकार म्हणून ख्यातनाम झालेले श्रीधर व्यंकटेश केतकर या सर्वांच्या व्याख्या त्यांनी तपासल्या. सेनार यांनी विटाळावर दिलेला भर त्यांना मान्य नव्हता. विटाळ जातीला चिकटला तो पुरोहितवर्ग वरच्या स्थानी असल्यामुळे. तो जातीचा गाभा नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या मते गाभा एकच: गटाबाहेर लग्न न करण्याचा नियम. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या रूढी हा नियम पाळता यावा म्हणून निर्माण झाल्या. एका वर्गाने स्वतःस असे बंद करून घेतले आणि इतरांनी त्याचे अनुकरण केले. अनुकरणाच्या या विवेचनासाठी त्यांनी फ्रेंच विचारवंत गाब्रिएल तार्द यांच्या सिद्धान्ताचा उपयोग केला. घुर्ये यांचे शिष्य एम. एन. श्रीनिवास यांनी कूर्गवरील ग्रंथात १९५२ साली मांडलेल्या संस्कृतीकरणाच्या कल्पनेशीही या विचाराचे नाते दिसते.

आपल्याकडे रोटी-बेटी व्यवहार असा जोडशब्द आहे. तो येथे फार उपयोगी पडतो. ख्रिस्ती समाजात रोटीचे बंधन मोठ्या प्रमाणात सुटले. एकाच वेदीवरून सर्व जण ख्रिस्तशरीर स्वीकारतात आणि एकाच पंक्तीला जेवतात. बेटीचे बंधन मात्र रेंगाळले. विटाळ गेला, व्यवसाय बदलला, जमीन सुटली, तरी सोयरिकीची मर्यादा राहिली. आणि ती राहिली तेवढ्यापुरती जातही राहिली. १९१६ च्या निबंधाला याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा? उलट १९३६ सालच्या आपल्या प्रसिद्ध भाषणात, शास्त्रांवरील श्रद्धा नष्ट झाल्याखेरीज जात जाणार नाही, असे आंबेडकरांनी म्हटले होते. ती श्रद्धा गेल्यावरही जात मागे राहू शकते, ही पुस्ती ख्रिस्ती समाजाचा इतिहास त्या विचाराला जोडतो.

ही चर्चा केवळ विद्वानांची नाही. १९५० च्या राष्ट्रपती-आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा त्यात समावेश झाला. दलित ख्रिस्ती बाहेर राहिले. जात ही विशिष्ट धर्माचीच बाब आहे, ही एक उपपत्ती त्या आदेशामागे उभी आहे. १९८५ साली सूसै खटल्यात मद्रासच्या एका ख्रिस्ती चर्मकाराची मागणी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. ख्रिस्ती समाजातही तेवढ्याच तीव्रतेची सामाजिक हलाखी भोगावी लागते, हे दाखवून द्यावयास हवे होते, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगाने हा दर्जा धर्मनिरपेक्ष करण्याची शिफारस केली. २०२२ साली याच प्रश्नासाठी न्यायमूर्ती बालकृष्णन आयोग नेमला गेला. म्हणजे ख्रिस्ती समाजात जात आहे की नाही, हे सांगण्याचा भार त्याच समाजावर आला आहे. ‘आमच्यात जात नाही’ असे अभिमानाने सांगणारे आपण नकळत आपल्याच दुर्बळ बांधवांच्या विरोधात साक्ष देत असतो, याचे भान ठेवावयास हवे.

म्हणून आम्हाला वाटते की या विषयाचे संशोधन समाजातूनच व्हावे. त्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. प्रत्येक धर्मग्रामात विवाहाच्या नोंदवह्या आहेत. वधूवरांची नावे, त्यांचे आईवडील, त्यांची गावे त्यांत लिहिलेली असतात. आपल्या तरुण अभ्यासकांनी धर्मगुरूंच्या संमतीने, कोणाही कुटुंबाचे नाव उघड न करता, पिढीगणिक किती विवाह गटाबाहेर झाले याची मोजदाद करावी. आकडा वाढत असेल, तर कुंपण कोठे आणि कशामुळे मोडले हे कळेल. वाढत नसेल, तर आपल्या मुलामुलींच्या लग्नाच्या बोलणीत आपण पहिला प्रश्न कोणता विचारतो, याचा विचार घराघरांत करावा लागेल.