झेंकर पिशवी : मानेतून केली जाणारी शस्त्रक्रिया

ग्रसनीच्या मागील भिंतीतून अस्तर बाहेर फुगून झालेली पिशवी. गिळण्याचा त्रास दूर करण्यासाठी मानेतून ज्या शस्त्रक्रिया होतात, त्यांपैकी या पिशवीची शस्त्रक्रिया सर्वांत परिचित.

कारण व लक्षणे : ग्रसनीच्या तळाशी तिरप्या आणि आडव्या स्नायुतंतूंच्या मध्ये किलियनची दुबळी जागा असते. आडवा क्रिकोफॅरिंजियस स्नायू गिळताना पुरेसा सैल पडला नाही, तर दाब वाढून अस्तर तिथून मागे ढकलले जाते. रुग्ण बहुधा वयस्कर. घास अडकणे, ठसका, मुखदुर्गंधी, जेवणानंतर काही तासांनी न पचलेले अन्न तोंडात येणे. निदान बेरियम पाजून काढलेल्या एक्स-रेने होते.

इतिहास : पहिले वर्णन अठराव्या शतकात अब्राहम लडलो या इंग्रज शल्यवैद्याचे. झेंकर आणि झीमसेन यांनी १८७७ मध्ये अनेक रुग्णांच्या नोंदी एकत्र मांडल्या. प्रतिजैविकांपूर्वी छातीत जंतुसंसर्ग पसरण्याच्या धास्तीने शस्त्रक्रिया दोन टप्प्यांत करीत. कॅप्लन यांनी १९५१ मध्ये पोलिओनंतर गिळता न येणाऱ्या रुग्णात क्रिकोफॅरिंजियस छेदल्याचे नोंदवले. आज पिशवीच्या शस्त्रक्रियेतही हाच छेद मुख्य मानतात.

पद्धती : छेद सहसा मानेच्या डाव्या बाजूला, स्टर्नोमास्टॉइड स्नायूच्या पुढच्या कडेने घेतात, कारण पिशवी बहुधा डावीकडेच झुकलेली असते. कॅरोटिड धमनी व गळ्याची मोठी शीर बाहेरच्या बाजूला, तर स्वरयंत्र व थायरॉइड ग्रंथी आतल्या बाजूला सारतात. आड येणारी थायरॉइडची मधली शीर बांधून तोडतात. श्वासनलिका व अन्ननलिकेमधल्या खाचेतून स्वरयंत्राकडे जाणारी नस जपावी लागते. जखमेच्या कडा ओढून धरणारा ताणक नेमका तिथे रुतू देऊ नये. अन्ननलिकेत जाड नळी घातली की स्नायू ताणला जातो आणि तंतू स्पष्ट दिसतात. पिशवीच्या मानेपासून खाली सुमारे ४–५ सेंमी. स्नायू उभा कापतात. अस्तर अखंड ठेवतात. लहान पिशवीला एवढे पुरते. मध्यम पिशवी तळ वर करून मागच्या आवरणाला टाक्यांनी बांधतात, म्हणजे तिच्यात अन्न साठत नाही. मोठी कापून काढतात. त्या वेळी आतली नळी असल्याने अस्तर गरजेपेक्षा जास्त कापले जात नाही.

उपद्रव : टाक्यांतून गळती, छातीच्या मध्यभागात जंतुसंसर्ग, रक्तस्राव, आवाज बसणे.

दुर्बिणीची पद्धत : तोंडातून पिशवी व अन्ननलिकेमधली भिंत छेदतात. मानेवर व्रण राहत नाही. त्रास पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण मात्र काही मालिकांत अधिक आढळते.

औषधोपचार : पिशवी औषधाने जात नाही.