डेव्हीचा दिवा

२५ मे १८१२ रोजीं इंग्लंडच्या ईशान्य भागांतील फेलिंग येथील कोळशाच्या खाणींत भयंकर स्फोट होऊन ९२ माणसें प्राणांस मुकलीं. कोळशाच्या थरांतून झिरपणारा ज्वालाग्राही वायु उघड्या ज्योतीशीं भिडला कीं असा अनर्थ ओढवे. आणि ज्योतीवांचून भूगर्भांत काम तरी कसें व्हावें?

हा प्रश्न हंफ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञानें १८१५ सालीं हातीं घेतला. त्यानें ज्योतीभोंवतीं तारेची बारीक जाळी बसविली. ज्वालेची उष्णता जाळीचा धातु शोषून घेतो. त्यामुळें बाहेरचा वायु पेट घेण्याइतका तापतच नाहीं. या शोधाचें पेटंट डेव्हीनें घेतलें नाहीं, हें त्याच्या थोरवीस साजेसेंच झालें. (त्याच सुमारास जॉर्ज स्टीफन्सन यानेंहि स्वतंत्रपणें असा दिवा बनविला होता, त्यावरून माजलेला कलह मात्र कोणासच शोभला नाहीं.)

मग अपघात थांबले काय? १८३५ सालीं पार्लमेंटच्या चौकशी समितीपुढें उलटेंच चित्र उभें राहिलें. डरहॅम व नॉर्थंबरलंड परगण्यांत दिव्यापूर्वींच्या १८ वर्षांत ४४७, तर नंतरच्या १८ वर्षांत ५३८ माणसें दगावलीं होतीं. कोळशाचें उत्पादन वाढलें होतें हें खरें. परंतु वायूच्या भीतीनें सोडून दिलेले थर मालकांनीं दिव्याच्या भरंवशावर पुन्हां खणावयास घेतले, आणि खाणींत हवा खेळती ठेवण्याच्या खर्चाकडे काणाडोळा केला. मजुराच्या रक्षणासाठीं निघालेला दिवा मालकांच्याच अधिक उपयोगीं पडला. हवेचा झोत जोराचा असला तर ज्वाला जाळीबाहेर येई. प्रकाशहि इतका मंद, कीं मजूर कंटाळून जाळीच काढून ठेवीत.

त्याच वर्षीं जूनमध्यें वॉल्सएंड येथील खाणींत स्फोट झाला; शंभराहून अधिक बळी गेले.