शब्दवेध : अतिरथी, महारथी, अर्धरथी

गोकू बलाढ्य की व्हेजिटा? 'ड्रॅगन बॉल' या जपानी मालिकेतल्या योद्ध्यांवरचा हा वाद वालूरसारख्या गावातल्या मुलांनाही रंगवता येईल. तिथे एक यंत्र योद्ध्याचं बळ आकड्यात सांगतं. गोकूचा जपानीतला 8,000 वरचा आकडा इंग्रजी आवृत्तीत 9,000 वर गेला.

आपल्याकडची योद्ध्यांची प्रतवारी 'रथ' या शब्दातून आली. एकाशी लढेल तो रथी, 10,000 धनुर्धरांशी एकटा झुंजेल तो महारथी, अगणितांना पुरून उरेल तो अतिरथी. रथीहून उणा तो अर्धरथी.

महाभारताच्या उद्योगपर्वात भीष्म दुर्योधनापुढे वीरांची अशीच गणना करतात आणि कर्णाला अर्धरथी ठरवतात. कवचकुंडलं गेली, परशुरामांचा शाप माथी, ही कारणं. द्रोण दुजोरा देतात. कर्ण संतापतो. भीष्म असेतो लढणार नाही, म्हणतो. पहिले दहा दिवस कौरव त्याच्याविना लढले.

आज निवडणुकीतले मातब्बरही 'अतिरथी-महारथी' ठरतात. 'अर्धरथी' मात्र व्यवहारातून गेला. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय' (1967) कादंबरीतला कर्ण ज्यांनी मनात जपला, त्यांना तो शब्द आजही बोचतो. बळ मोजताना शील आणि सोसणं कुठे मोजायचं, हा प्रश्न मोलाचा आहे. मुलांनी असे वाद जरूर घालावेत.